सामुराईंचा इतिहास मराठीत लिहिताना : आधी जमीन आणि तांदूळ, मग तलवार

खुलताबाद_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जपानच्या सामुराईंच्या, म्हणजे तिथल्या लढवय्या वर्गाच्या, इतिहासावर मी मराठीत एक छोटं संकेतस्थळ चालवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, हे काम रात्री जेवणं झाल्यावरचं. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. आता सगळी मांडणी नव्याने करायला घेतली आहे. त्याआधी इथल्या जाणत्या लोकांशी, विशेषतः आपल्या मराठवाड्याकडच्या मंडळींशी बोलावं म्हणून हा धागा.

वाचक येतात ते तलवार, हाराकिरी आणि बुशिदो (सामुराईंची आचारसंहिता) शोधत. मीही त्याच ओढीने या विषयात आलो. पण वाचत गेलो तसं दिसायला लागलं की सामुराई आयुष्यातला बहुतेक काळ लढतच नव्हता. तो जमिनीच्या हक्कासाठी भांडत होता, सनदा जपत होता, वाटणीवरून भावाशी कज्जे लढत होता, आणि पुढच्या काळात तर तांदळाच्या पगारावर उचल घेत होता. इंग्रजी पुस्तकांत हा भाग रुक्ष वाटतो. देशमुखी-पाटीलकीच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र तो चटकन उमगतो. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की मराठीत सामुराई लिहायचा तर जमिनीपासून सुरुवात करावी.

११८५ साल घ्या. दान-नो-उराच्या आरमारी लढाईत ताइरा घराण्याचा बीमोड झाला आणि त्याच वर्षी विजयी मिनामोतो घराण्याच्या योरितोमोने क्योतोच्या दरबाराकडून एक अधिकार पदरात पाडून घेतला: आपली माणसं ठिकठिकाणच्या जहागिरींवर 'जितो' म्हणून नेमण्याचा. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, हा किताब त्याला ११९२ मध्ये मिळाला. बहुतेक ठिकाणी ११९२ ठळक छापतात, मला ११८५ मोठं वाटतं. जितो हा जमिनीचा मालक नव्हता. मालकी क्योतोच्या बड्या घराण्याची किंवा एखाद्या देवस्थानाची. जितोने वसुली करायची, बंदोबस्त ठेवायचा आणि त्याबद्दल उत्पन्नातला वाटा घ्यायचा. हा हक्क बापाकडून मुलांकडे जायचा, मुलांत वाटला जायचा. एकाच शेतावर तीन-चार जणांचे एकावर एक हक्क असायचे. हे वाचून वतन कुणाला आठवणार नाही? जितोचा हक्क आणि आपलं वतन एकच, असं मी म्हणत नाही. जितोची नेमणूक शोगुनच्या चाकरीशी बांधलेली होती, आपली पाटीलकी बऱ्याच ठिकाणी गाव वसवल्याच्या दाव्यावर उभी होती. पण एकाच मातीवर अनेकांचा हक्क ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही.

आता माझा आवडता माणूस. ताकेझाकी सुएनागा, क्यूशू बेटावरच्या हिगो प्रांतातला. जमिनीच्या दाव्यात सगळं गमावून बसलेला. १२७४ मध्ये मंगोल फौज हाकाता खाडीत उतरली (आपल्याकडे देवगिरीच्या गादीवर तेव्हा रामचंद्रदेव यादव होता) तेव्हा हा स्वतः धरून अवघे पाच स्वार घेऊन पुढे घुसला. घोडा पडला, स्वतः जखमी झाला, मागून आलेल्या तुकडीमुळे वाचला. पण बक्षिसांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तेव्हा पुढच्या वर्षी घोडे आणि खोगिरं विकून त्या पैशावर तो थेट कामाकुराला, शोगुनच्या राजधानीत गेला. दोन महिन्यांची वाट. तिथे बक्षिसांचा कारभार पाहणाऱ्या आदाची यासुमोरीपुढे त्याने आपला दावा मांडला: मी सर्वांत आधी पुढे गेलो, साक्षीदार अमुक, त्यांना विचारा, खोटं निघालं तर माझी मान उतरवा. यासुमोरीने ऐकून घेतलं. सुएनागाला हिगोमधल्या काइतो गावची जितोगिरी मिळाली आणि वर एक घोडा. पुढे त्याने हा सगळा प्रसंग चित्रांच्या गुंडाळीत काढवून घेतला आणि ती गुंडाळी आज तोक्योला राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात आहे. मंगोल फुटत्या बाँबगोळ्यांचं चित्र दाखवायला जगभर तिचा एक तुकडा छापतात. पण माझ्या लेखी ती गुंडाळी म्हणजे एका जमीन गेलेल्या माणसाने जमीन कशी मिळवली याचा कागद आहे.

आणि इथेच कामाकुराची राजवट खचली. मंगोल १२७४ आणि १२८१ अशा दोन्ही वेळा परतले, पण या विजयात एक बिघाही नवी जमीन हाती आली नाही. मग चाकरी केलेल्यांना द्यायचं काय? सुएनागासारखे थोडेच. बाकीचे कर्जात बुडाले. १२९७ मध्ये शोगुनशाहीने हुकूम काढून सामुराईंनी विकलेल्या जमिनी परत देववायचा प्रयत्न केला. १३३३ मध्ये ती राजवटच पडली.

तर माझी विनंती. कोर्टकचेरी जाणणारे, जुनी कागदपत्रं वाचणारे, बाजाराचा हिशेब कळणारे, शाळेत शिकवणारे, सगळ्यांनी आपापल्या अंगाने सांगा. पहिल्या लेखांत काय यावं?

---

मांजराकाठ

दादा, लेख भारी आहे, पण एक स्पष्ट बोलतो. माझ्या वयाची पोरं तुमच्या साइटवर जमीन वाचायला नाही येणार. कताना म्हणजे त्यांची तलवार कशी बनते, एका घावात काय होतं, नागाशिनोच्या लढाईत तीन रांगा करून बंदुका कशा चालवल्या, यासुके हा आफ्रिकन माणूस खरंच सामुराई होता का, हे वाचायला येतील. आधी तलवार दाखवा, मग जमिनीकडं न्या. मी केजचा, सध्या पुण्यात शिकायलोय.

---

खुलताबाद_रोड

@मांजराकाठ, तलवार येणारच. पण मी तिची जागा बदलणार आहे.

कामाकुराच्या काळात सामुराईची ओळख घोडा आणि धनुष्याने होती. त्यांच्या जगण्याच्या रीतीलाच 'धनुष्य आणि घोड्याचा मार्ग' म्हणत. पुढे सेंगोकूच्या, म्हणजे १४६७ च्या ओनिन युद्धानंतरच्या आपसातल्या लढायांच्या धामधुमीत, रणांगणावर भाला आला आणि १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदूक आली. तलवार कायम कमरेला होती, पण लढाईचा निकाल बहुधा दुसऱ्याच हत्यारांनी लागायचा. तलवार ही सामुराईची खूण झाली ती १५८८ नंतर. त्या वर्षी देश एका हाताखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने गावोगावच्या शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली. कारण असं सांगितलं की क्योतोच्या मोठ्या बुद्धमूर्तीच्या कामाला खिळे लागणार आहेत, तुमचं लोखंड पुण्याला लागेल. त्याच सुमारास त्याने देशभर जमिनीची मोजणी करून प्रत्येक गावाचं उत्पन्न तांदळात ठरवलं. १५९१ मध्ये हुकूम निघाला की सामुराईने शेतकरी किंवा व्यापारी व्हायचं नाही आणि शेतकऱ्याने शेत सोडून धंद्याला जायचं नाही. मोजणी, हत्यारबंदी आणि हा हुकूम एकत्र वाचले की कळतं, कमरेची तलवार इतकी मानाची का झाली. बाकीच्यांची काढून घेतली म्हणून.

घडवण्याबद्दल: लोखंडी वाळू आणि कोळसा मातीच्या 'तातारा' भट्टीत तीन दिवस-तीन रात्री जाळून पोलादाचा गड्डा काढतात. शिमाने भागात हे काम आजही होतं. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवतात. धार लवकर थंड होऊन कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, बाकही त्याच वेळी येतो. नांदेडच्या पलीकडे, निर्मळ-निजामाबादकडच्या भागात एके काळी मुशीतलं पोलाद निघायचं, जे दमास्कसच्या तलवारींपर्यंत पोचलं. ते बंद मुशीत पूर्ण वितळवलेलं, हे भट्टीत न वितळता गोळा झालेलं. या दोन रीती शेजारी ठेवून एक लेख लिहायचा आहे. तो तुमच्या मित्रांना आवडेल.

नागाशिनो, १५७५: ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या बंदुकांनी त्याचा प्रतिस्पर्धी ताकेदा कात्सुयोरीचं मोठं नुकसान केलं हे पक्कं. पण तीन रांगांनी आळीपाळीने बार काढल्याची गोष्ट नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्यूइचीच्या बखरीत नाही. ती नंतरच्या ओझे होआनच्या रंगवून लिहिलेल्या चरित्रातून पसरली. आपल्याकडे समकालीन पत्र आणि उत्तरकालीन बखर यांत जो फरक करतात, तोच इथे करायचा.

यासुकेचं उत्तर वेगळं देतो, कारण ते खुलताबादशी जोडलेलं आहे.

---

कोर्टकचेरी

परभणीला दिवाणी बाजूची वकिली करतो. आपण १२९७ चा उल्लेख केलात म्हणून विचारतो. ज्याच्या ताब्यात जमीन वर्षानुवर्षं आहे, त्याच्याकडून ती परत कशी देववली? ताब्याला काही किंमत होती की नाही?

---

खुलताबाद_रोड

@कोर्टकचेरी, वकीलसाहेब, होती, आणि लेखी होती. १२३२ मध्ये शोगुनच्या वतीने कारभार पाहणाऱ्या होजो यासुतोकीने ५१ कलमांची संहिता केली, 'गोसेइबाइ शिकिमोकू'. तिच्या आठव्या कलमात आहे की २० वर्षं जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल तर मूळ हक्काचा वाद उकरून ताबेदाराला हलवायचं नाही. नुसती सनद हातात आहे पण वहिवाट नाही, त्याचा दावा चालणार नाही. १२९७ च्या हुकुमातही ही २० वर्षांची मर्यादा आली: घेणारा स्वतः शोगुनचा चाकर असेल आणि २० वर्षं उलटली असतील तर जमीन परत नाही. सावकाराने किंवा सामान्य माणसाने घेतली असेल तर मात्र मुदतीचा आधार नाही, परत द्यायची.

यासुतोकीने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या संहितेचं कारण सांगितलं आहे. चिनी लिपीतले दरबारी कायदे वाचता येणारे थोडे, साधी काना लिपी जाणणारे पुष्कळ. त्यांनाही कायदा कळावा म्हणून हे लिहिलं. तलवारबाजांचं राज्य म्हणतात त्याचा पाया असा कायद्याच्या पोथीवर आहे.

---

कोर्टकचेरी

उत्तम. आमच्याकडे प्रतिकूल कब्जाला खाजगी जमिनीसाठी १२ वर्षं, १९६३ च्या मुदत कायद्याने. त्यांची २० वर्षं ऐकून आनंद झाला. तत्त्व तेच: हक्क असेल तर वेळेत भांडा. माझं मत असं की हा लेख पहिला घ्या. मराठवाड्यात बांधावरच्या भांडणाशिवाय गाव नाही. इनाम आणि जहागिरी निजाम राजवट गेल्यावर संपल्या, पण त्यांच्या नोंदींवरून निघालेले दावे मी अजून पाहतो. त्या माणसाला सुएनागा परका वाटणारच नाही.

---

गोदामाय

नांदेडला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दादा, जमीन म्हणताय तर बायकांच्या जमिनीचं काय? सामुराई म्हटलं की पुरुषच. फार तर तोमोए गोझेन या लढवय्या बाईचं चित्र लावतात घोड्यावरचं, तेही कथेतलं. वर्गात मुली विचारतात, तेव्हा मला खरं काही सांगायचं असतं.

---

खुलताबाद_रोड

@गोदामाय, ताई, हा प्रश्न विचारलात म्हणून आभार. कामाकुराच्या आरंभी मुलींनाही जमिनीचा वाटा मिळत होता आणि बायका स्वतःच्या नावावर जितो होत्या. त्याच संहितेत लिहिलंय की मूलबाळ नसलेल्या बाईने दत्तक घेऊन त्याला आपली जमीन द्यायला हरकत नाही. मुलीला दिलेली जमीन आईबाप परत घेऊ शकतात असंही कलम आहे, आणि ते मुलांना लागू तसंच मुलींना. म्हणजे द्यायचे होते म्हणूनच तर परत घेण्याचा नियम करावा लागला.

हे संपलं कसं, तर वाटण्यांनीच. पिढ्यांमागून पिढ्या तुकडे पडत गेले आणि एका तुकड्यावर घोडा-शस्त्र पोसून चाकरी करणं जमेना. मग सगळं एका मुलाकडे द्यायची चाल आली आणि मुलींचा वाटा आधी हयातीपुरता झाला, नंतर गेलाच. १४व्या शतकात हा बदल पक्का होत गेला. पुढे १७व्या ते १९व्या शतकातल्या एदो काळात सामुराईच्या घरातल्या बाईच्या नावावर सहसा जमीन किंवा पगार नसायचा. मला वाटतं मुलींना तोमोएपेक्षा हे सांगावं. लढणाऱ्या बाईचं खरं उदाहरण हवं तर १८६८ मधली आइझू संस्थानची नाकानो ताकेको आहे. नागिनाता हे लांब दांड्याचं पातं घेऊन बायकांच्या तुकडीच्या पुढे होती, गोळी लागून पडली.

---

गोदामाय

हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. तुकडे पडल्याने मुलीचा वाटा गेला, हे आमच्या मुलींना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या आया त्यांनी पाहिल्यात.

---

आडत_लातूर

रामराम. लातूरला मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे. धागा परवापासून वाचलालो. एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून मी विचारतो. पगार तांदळात म्हणता. मग कपडा, तेल, मीठ, पोरीचं लग्न, ह्याला रोकड कोण करून देत होतं? पगाराचा माल बाजारात आणायचा म्हणलं की तिथं आडत्या असणारच.

---

खुलताबाद_रोड

@आडत_लातूर, शेठ, याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

होता. त्याला 'फुदासाशी' म्हणत. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, असाकुसाला शोगुनचं तांदळाचं कोठार होतं. कोठारातून पगार घेणाऱ्या सामुराईला वर्षातून तीनदा तांदूळ मिळायचा: वसंतात पाव हिस्सा, उन्हाळ्यात पाव, हिवाळ्याच्या तोंडावर उरलेला अर्धा. स्वतः जाऊन रांगेत उभं राहायचं, पोती मोजून घ्यायची, गिऱ्हाईक शोधायचं, हे सामुराईला जमेना आणि शोभेना. हे काम फुदासाशी करायचा. १०० पोत्यांमागे कोठारातून सोडवून आणायचा एक 'बु' आणि विकून द्यायचे दोन 'बु', अशी त्याची आडत ठरलेली. चार बु म्हणजे एक 'र्यो', सोन्याचं नाणं. १७२४ मध्ये १०९ फुदासाशींची मंडळी बांधून तिला सरकारी मान्यता मिळाली.

आडतीवर ते मोठे झाले नाहीत. मोठे झाले उचलीवर. पुढच्या हप्त्याचा तांदूळ तारण ठेवून आज रोकड द्यायची. हप्ता आला की आपलं मुद्दल-व्याज कापून उरलेलं सामुराईच्या हातावर. व्याज १८व्या शतकाच्या मध्यावर सालाला १८ टक्के होतं. कोठारातून माल फुदासाशीच सोडवणार, म्हणून वसुलीला त्याला दारात जावं लागत नव्हतं. काही घरांचे पुढचे कैक हप्ते आधीच खर्चून झालेले असत.

१७८९ मध्ये मात्सुदाइरा सादानोबू या वजिराने कर्जमाफी केली. १७८४ पर्यंतचं सगळं कर्ज रद्द, नंतरचं कमी व्याजाने हप्त्याहप्त्याने फेडायचं, नव्या कर्जाला व्याज १२ टक्के. फुदासाशींचं ११ लाख ८० हजार र्योंच्या वर येणं बुडालं.

---

आडत_लातूर

आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी उचल द्यायची बंद केली. बरोबर का?

---

खुलताबाद_रोड

अगदी बरोबर. हात आखडला, आणि तेच सामुराई आधीपेक्षा जास्त अडचणीत आले. सरकारला फुदासाशींना भांडवल पुरवायची सोय करावी लागली.

---

आडत_लातूर

मला ते पुस्तकात बघायची गरज पडली नाही. बाजारात बसलेल्या कुणालाही विचारा.

आता माप सांगा. १०० पोती म्हणजे किती? आमचा ५० किलोचा कट्टा का १०० किलोचं पोतं?

---

खुलताबाद_रोड

त्यांचं माप 'कोकु'. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर, वजनात १५० किलोच्या आसपास तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, असा त्यामागचा ढोबळ हिशेब. सरकारी पगाराच्या पोत्यात ०.३५ कोकु धरत. म्हणजे १०० पोती = ३५ कोकु = साडेबावन्न क्विंटलच्या आसपास.

---

आडत_लातूर

साडेबावन्न क्विंटल. म्हणजे आठ-दहा एकरवाला आमचा सोयाबीनचा शेतकरी चांगल्या साली जेवढा माल घालतो, तेवढा. आणि त्यात घर, गडी, हत्यार, मानपान, राजधानीतलं राहणं. तर मग तो माणूस कर्जात जाणारच. त्याच्या कमरेच्या तलवारीकडं बघून कुणी भाव वाढवून देत नाही. हा लेख नक्की लिहा दादा, आणि सगळे आकडे क्विंटलमध्ये द्या. कोकुनं कुणाला कळणार नाही.

---

निळी_शाई

जालन्याहून. धागा छान चाललाय, पण जमीन आणि तांदूळ म्हणताना कोण सुटतंय ते बघा. चिलखत कशाचं होतं? लोखंडाच्या पट्ट्यांबरोबर चामडं होतंच ना? ते चामडं कमावत कोण होतं?

---

खुलताबाद_रोड

@निळी_शाई, हा लेख नसेल तर साइट अपुरी राहील. जुनं चिलखत लोखंडाच्या आणि कच्च्या चामड्याच्या शेकडो छोट्या पट्ट्यांचं असायचं. त्यांवर लाखेचा लेप, आणि रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या. चामडं कमावणाऱ्यांना 'कावाता' म्हणत. सेंगोकूच्या काळात सरदार त्यांना मुद्दाम आपल्या किल्ल्यांजवळ वसवत, कारण चामड्याशिवाय फौज उभी राहत नव्हती. आणि लढाया थांबल्यावर एदो काळात त्याच लोकांना वस्तीबाहेर, चार वर्णांसारख्या लावलेल्या उतरंडीच्याही बाहेर ठेवलं गेलं. मेलेली जनावरं ओढायची, देहदंडाच्या वेळची कामं करायची, आणि विटाळ मात्र त्यांचाच. १८७१ च्या हुकुमाने कागदावर भेद गेला. लग्न, नोकरी, वस्ती यांत राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, 'सुइहेइशा'.

---

निळी_शाई

१९२२. महाडचा सत्याग्रह १९२७. पाच वर्षांचं अंतर.

ज्यांच्या चामड्यावर चिलखत उभं राहिलं त्यांना चिलखताच्या लेखात शेवटच्या परिच्छेदात टाकू नका, एवढं सांगतो. त्यांचा लेख स्वतंत्र हवा आणि तो पहिल्या पाचांत हवा. नामांतराचा लढा पाहिलेल्या घरातून आलोय, नाव कुठं लागतं आणि कुठं नाही हे आम्ही बारकाईनं बघतो.

---

खुलताबाद_रोड

पहिल्या पाचांत येईल. आणि चिलखताच्या लेखातही वरच्याच परिच्छेदात येईल.

---

जुना_वाचक

धाराशिवहून. मी निवृत्त आहे, पंचांग आणि जुने कागद हा माझा नाद. तुम्ही तारखा कशा देणार? जपानी महिने चांद्र असतील तर इंग्रजी तारखेचा गोंधळ होणार. शिवजयंतीवरून आपण केवढा वाद घातला आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

खुलताबाद_रोड

@जुना_वाचक, काका, गोंधळ मोठाच आहे. १८७३ पर्यंत जपानचे महिने चांद्र होते, अमावास्येला नवा महिना सुरू. म्हणजे आपल्या दख्खनच्या अमान्त पद्धतीसारखेच, शुद्ध पक्ष आधी. त्यामुळे आपल्या वाचकाला त्या तारखेवरून चंद्रही दिसतो.

आको संस्थानच्या ४७ रोनिनांचा (धनी गमावलेल्या सामुराईंचा) छापा घ्या. गेनरोकू शक १५, बारावा महिना, १४ तारीख. पुष्कळ ठिकाणी हे '१४ डिसेंबर १७०२' असं छापतात. बारावा महिना म्हणून डिसेंबर, म्हणजे फाल्गुन बारावा म्हणून त्याला डिसेंबर म्हटल्यासारखं. खरी तारीख येते ३० जानेवारी १७०३. आणि १४ म्हणजे शुद्ध चतुर्दशी. जवळजवळ पूर्ण चंद्र, खाली बर्फ. त्या रात्री त्यांना दिसत कसं होतं, हा प्रश्न तिथीनेच सोडवला. उलट होन्नो-जी देवळातला घात: तेन्शो शक १०, सहावा महिना, २ तारीख. नोबुनागाचाच सरदार अकेची मित्सुहिदे याची फौज रात्रभर चालून पहाटे क्योतोत पोचली आणि नोबुनागा संपला. शुद्ध द्वितीया, रात्र काळोखीच. (जुन्या ज्युलियन गणनेने २१ जून १५८२.)

म्हणून मी ठरवलंय: आधी जपानी शक, महिना, दिवस; मग इसवी तारीख; आणि १५८२ च्या आसपास असेल तर कुठल्या गणनेने तेही.

---

जुना_वाचक

शाबास. तिथीवरून चांदणं काढायचं हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. तक्ता करून ठेवा, मी तपासून देईन.

आणि दुष्काळाचं काहीतरी लिहा. तांदळावर राज्य चालतं म्हणजे तांदूळ पिकला नाही तर काय, हे आलंच पाहिजे. १९७२ ची खडी फोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

---

खुलताबाद_रोड

काका, तेन्पोचा दुष्काळ, १८३३ ते १८३७. ओसाका ही तांदळाच्या व्यापाराची पेठ. दोजिमाच्या बाजारात तांदळाचे वायद्याचे सौदे १७३० पासून सरकारी मान्यतेने चालत. भाव चढले, लोक उपाशी, आणि अधिकारी तांदूळ एदोकडे पाठवत होते. ओशियो हेइहाचिरो हा तिथल्या कोतवालीतला निवृत्त सामुराई अधिकारी, मोठा पंडित. त्याने वरिष्ठांकडे अर्ज-विनंत्या केल्या, कुणी ऐकलं नाही. मग आपला सगळा ग्रंथसंग्रह विकून त्याने पैसे गरिबांत वाटले आणि १८३७ मध्ये व्यापाऱ्यांच्या वखारींवर चालून गेला. बंड एका दिवसात मोडलं, शहराचा मोठा भाग जळाला, तो लपून राहिला आणि पकडायला आले तेव्हा त्याने जीव दिला. माझ्या मते सामुराईपणाची चर्चा करायची तर या माणसावर करावी. बुशिदोचं जे रूप आज जगभर माहीत आहे ते बरंचसं नितोबे इनाझोच्या १९०० मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून आलेल्या पुस्तकातून पसरलं, तोवर सामुराई वर्गच उरला नव्हता. १८७६ मध्ये तलवार कमरेला लावून फिरायला बंदी आणि पगारांऐवजी रोखे, दोन्ही एकाच वर्षी झालं होतं. ओशियोने मात्र जे वाचलं ते विकून लोकांच्या पोटात घातलं.

---

मांजराकाठ

दादा, ओशियो वाचून अंगावर काटा आला. पण यासुके राहिला.

---

खुलताबाद_रोड

लिहितो. १५७९ मध्ये वालिन्यानो नावाचा इटालियन जेझुइट पाद्री गोव्याकडून जपानला पोचला, त्याच्यासोबत एक आफ्रिकन माणूस होता. १५८१ मध्ये क्योतोत त्याला पाहायला इतकी गर्दी लोटली की नोबुनागाने त्याला बोलावून घेतलं, कातडीचा रंग खरा आहे का ते धुऊन पाहायला लावलं, आणि मग पदरी ठेवलं. ओताच्या बखरीच्या एका प्रतीत आहे की त्याला पगार, घर आणि एक आखूड तलवार दिली. होन्नो-जीच्या दिवशी तो नोबुनागाच्या मुलाच्या बाजूने लढला. अकेचीने त्याला मारलं नाही, पाद्र्यांकडे पाठवून दिलं. त्यानंतर तो कागदांत दिसत नाही. चाकरी, पगार, घर, शस्त्र, लढाई हे सगळं आहे. त्या काळी सामुराईपण यापेक्षा वेगळं मोजत नव्हते, असं माझं मत.

आणि त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १५४८ च्या सुमारास इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये आला होता. त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा स्वतः हबशीच. पुढे अंबरने निजामशाही सांभाळली, मोगलांना झुंजवलं, १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, जिथे बसून मी हे लिहितोय, नहरीने तिला पाणी दिलं, जमिनीची मोजदाद करून सारा बसवला. १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादेत. यासुकेला जपानमध्ये जेमतेम तीन वर्षं मिळाली आणि मालक गेल्यावर तो कागदांतूनही गेला; तिथे त्याच्यासारख्यांच्या सरदारकीची आधीची परंपरा नव्हती. अंबरच्या आधी दख्खनमध्ये हबशी सरदारांच्या पिढ्या झाल्या होत्या. हे दोघे शेजारी ठेवून लिहायला मराठवाड्यातल्या माणसाइतका हक्काचा कुणी नाही.

तर क्रम असा: सुएनागा आणि २० वर्षांचा ताबा. मग मुलींचा वाटा. मग चामडं. मग फुदासाशी. मग यासुके आणि अंबर. तलवारीचा लेख सहावा. @कोर्टकचेरी, @गोदामाय, मसुदे तुम्हाला आधी दाखवतो. @आडत_लातूर, क्विंटलचा तक्ता तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय लावणार नाही.

---

आडत_लातूर

पाठवा. रविवारी यार्ड बंद असतं, निवांत बसून बघतो. आणि त्या असाकुसाच्या कोठारात हमाली-तोलाई कुणाच्या पट्टीतून कापत होते, पगारवाल्याच्या का घेणाऱ्याच्या, ते पण शोधून घाला. आमच्याकडं निम्मी भांडणं त्याच्यावरच होतात.